लाल ठिपक्याची चौकशी

डॉक्टरांनी नाडीऐवजी माझं बोट धरलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"सोनवणे, साखर आता घरीच तपासायची," ते म्हणाले. "रोज सकाळी उपाशीपोटी. महिन्याभराचा तक्ता करून आणा, मग गोळी वाढवायची का ते बघू. बोटाला जरासं टोचायचं, बस. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

मुंगीशी माझं वैर नाही. पण ज्या माणसाला आमच्या अमळनेरकडची लाल मुंगी कधी चावलेली नाही, त्यानं असली उदाहरणं देऊ नयेत. शिवाय प्रश्न दुखण्याचा नव्हताच. प्रश्न बोटाचा होता. बाकीच्या लोकांना दहा बोटं असतात, त्यातलं एक टोचलं काय आणि नाही काय. माझी गोष्ट वेगळी आहे.

मी पंडित सोनवणे. सुरतेला येऊन एकतीस वर्षं झाली. पांडेसऱ्याला मगनभाई शेठच्या कापडखात्यात मी चेकिंग मास्टर आहे. म्हणजे असं, की एक उतरतं काचेचं टेबल असतं, काचेखाली ट्यूबलाइट असतात आणि वरून पांढऱ्या सुती कापडाचा ताका सरकत जातो. एक ताका शंभर मीटरचा. उजव्या हातानं ओढायचं आणि डाव्या हाताची बोटं कापडावर ठेवायची. गाठ, तुटका धागा, विरळ विणकाम, सगळं डोळ्याआधी बोटाला कळतं; हाताखालून पुढे गेलेल्या कापडाकडे मी परत बघत नाही. त्यातही डाव्या हाताची तर्जनी. तिला जे कळतं ते मलासुद्धा थोडं उशिरा कळतं. शेजारच्या टेबलावर गजेंद्र बसतो. तो माझ्या हाताखाली तयार झालेला, चांगला पोरगा आहे, पण त्याचं म्हणणं पुढेमागे हे काम कॅमेरा करणार. कॅमेऱ्याला तर्जनी नसते, एवढंच मी त्याला सांगतो.

खात्यात एक पाटी आहे. पाच वर्षांपूर्वी मीच माझ्या अक्षरात लिहून लावली. 'ज्याच्या हातून पांढऱ्या मालाला डाग लागेल, त्याने त्या दिवसापासून टेबल सोडून घडीखात्यात बसावे.' घडीखातं म्हणजे खाली फरशीवर मांडी घालून कापडाच्या घड्या घालायच्या. त्यात कमीपणा काही नाही. पण टेबलावरच्या माणसानं खाली बसायचं म्हणजे सगळ्या खात्यानं येता-जाता बघायचं. पाटी लावल्यापासून दोघांना मी स्वतः खाली पाठवलं. एकाच्या हाताला लोणच्याचं तेल होतं. दुसऱ्यानं नवीन मेंदी लावली होती, साखरपुड्याची. त्याचं मला जरा वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

तर मशीन घरी आलं. एक छोटं यंत्र, डबीत पट्ट्या, आणि टोचायला एक पेन. पेनात सुई बसवायची, खटका दाबायचा, की सुई बाहेर येऊन आपलं काम करून परत आत जाते. सोबत घडी घातलेला एक लांबलचक कागद होता. मी तो वाचला नाही. यंत्रांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसानं माहितीपत्रक वाचायचं म्हणजे काय! मी तो परत डब्यात टाकला आणि पेन हातात घेतलं. पेनाच्या टोकाला एक चकती होती आणि तिच्यावर एक ते पाच आकडे होते.

आता इथे मला जरा सांगायला लागेल. सुती धाग्यात नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. वीस नंबर जाड, ऐंशी नंबर बारीक, शंभर नंबर म्हणजे तर नुसता स्पर्श. पॉलिस्टरवाले उलटं मोजतात, पण त्यांचं सगळंच उलटं. मी सुताचा माणूस. मी सरळ पाचवर चकती फिरवली. सगळ्यात नाजूक.

खटका दाबला आणि माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो मी चेकिंग टेबलावर कुणाला बोलू देत नाही. शोभाबाई, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून हातात पोळपाट घेऊन धावत आली. बोटाच्या बरोब्बर मधोमध हे एवढं रक्त. माझ्या मनात एकच विचार आला: पाच नंबर एवढा लागतो, तर एक नंबर लावणाऱ्या माणसांचं काय होत असेल? त्या अज्ञात लोकांबद्दल मला खरोखर कणव वाटली.

साखर आली एकशे सत्त्याऐंशी. पण साखरेकडे लक्ष कुणाचं होतं?

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी गेली. पहिले आले हिलालआप्पा. आप्पा लूमवरून निवृत्त झालेत आणि त्यांच्या साखरेला बारा वर्षं झाली, त्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी माझं बोट उजेडाकडे धरून बघितलं.

"तू घाबरत घाबरत टोचस," ते म्हणाले. "दाबीसन टोच. एकच दाव, पण पक्का."

"आप्पा, पक्काच लागला."

"मग पिळ. लिंबू पिळतस तसं. आनि सुई रोज बदलू नको, महिनाभर एकच चालस. नवी सुई उतावळी राहस."

समोरच्या वत्सलाताईंचं मत पडलं की बोटावर आधी बर्फ धरावा, म्हणजे कळतच नाही. मी दोघांचंही ऐकलं. माणसं आपुलकीनं सांगतात, मोडवत नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ धरला. बोट गार पडलं, टोचलेलं कळलं नाही हे खरं, पण रक्तही येईना. मग पिळलं. पिळल्यावर कळलं, आणि चांगलंच कळलं. मग पुन्हा टोचलं. अशा रीतीनं एका तपासणीला सरासरी अडीच टोचण्या पडायला लागल्या, त्याही एकाच सुईच्या आणि एकाच तर्जनीवर. तुम्ही विचाराल, दुसरं बोट का नाही? कारण मी उजव्या हातानं टोचतो आणि डाव्या हातात सगळ्यात हुशार बोट तेच. महत्त्वाचं काम मी सवयीनं त्याच्याकडेच देतो.

पट्टी बांधून टेबलावर बसणं शक्य नव्हतं. पट्टीखालून बोटाला काही कळत नाही. मी हात धुवायचो, रक्त थांबल्यासारखं वाटायचं, आणि मी कामाला जायचो. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी व्यापाऱ्याकडून चाळीस ताके परत आले.

पांढराशुभ्र माल. त्यावर लाल ठिपका. मोहरीएवढाच, पण लाल. एक नाही, साधारण सव्वा मीटरवर एक, पुढे सव्वा मीटरवर दुसरा, असे पंधरा-वीस मीटर जात आणि मग फिके होत होत थांबत. मगनभाई शेठ स्वतः खाली आले. शेठ बोलायला शांत माणूस. ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "मास्टर, आ शुं छे?"

"शेठ, चौकशी करतो," मी म्हणालो. "ज्याच्या हातून झालं असेल तो उद्या घडीखात्यात दिसेल." आणि हे मी पाटीकडे हात करून म्हणालो. पंधरा माणसं ऐकत होती.

चौकशी म्हणजे चौकशी. मी नवीन रजिस्टर उघडलं. ठिपके ठरावीक अंतरावर, म्हणजे कुठलातरी रोलर खराब, हे उघड होतं. कापड बमरोलीच्या लूमवरून येतं. मी तिथल्या मास्तरला रीतसर पत्र लिहिलं. त्यानं उलट कळवलं की पत्रावर तक्रार क्रमांक नाही. क्रमांक घालून पाठवलं. मग कळवलं की नमुना जोडलेला नाही. नमुना पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'आमच्या रोलरचा घेर नव्वद सेंटीमीटर आहे. सव्वा मीटरचा रोलर आपल्याकडे कुठे असल्यास कळवावे.' मला या माणसाचा सूर आवडला नाही.

मग मला मावा सुचला. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा मावा चघळणारे बरेच. मी सगळ्यांना रांगेत उभं करून तोंडं उघडायला लावली आणि बॅटरी मारून एकेक तोंड तपासलं. शेवटी गजेंद्र आला. त्याला बडीशेपेपलीकडे व्यसन नाही, हे मला माहीत होतं. तरी मी बॅटरी मारली. त्यानं तोंड मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावर जाऊन बसला. नऊ वर्षांत तो माझ्याशी एक अख्खा दिवस बोलला नाही असं पहिल्यांदाच झालं. मला ते लागलं, पण चौकशीत नाती बघायची नसतात.

शेवटी धुलाईवाल्यानं ठिपका गार पाण्यात चोळून बघितला आणि म्हणाला, "मास्टर, हे तर रक्त."

इथे तुम्ही मला हसाल. खुशाल हसा. पण स्वतःचं बोट कुणी संशयितांच्या यादीत घालत नाही. मी म्हणालो, डास! आणि दुपारी अख्ख्या खात्यात डासांचा धूर सोडायला लावला. तासभर सगळे रस्त्यावर खोकत उभे. गजेंद्र माझ्या शेजारी उभा होता. रुमालातून तोंड काढून तो म्हणाला, "मास्टर, डास सव्वा मीटर मोजून बसतो का?"

मी धुराकडे बघून खोकलो.

"आणखी एक," तो म्हणाला. आवाज खाली होता, त्याला चारचौघांत बोलायचं नव्हतं. "चाळीसच्या चाळीस ताक्यांवर तुमचा शिक्का आहे."

त्यानं खाली आवाजात सांगितलं, आणि मी मोठ्या आवाजात उत्तर दिलं. माझा स्वभाव! "म्हणजे माझ्या हातून? चल आत! शेठना बोलाव, सगळ्यांना बोलाव! माझ्या टेबलावर ताका लावा आणि डोळ्यांनी बघा!"

सगळे आत आले. शेठ आले. गजेंद्रनं नवा कोरा ताका लावला. ट्यूब पेटल्या. मी बाह्या सरसावल्या, डावा हात कापडावर ठेवला आणि उजव्या हातानं जोरात ओढलं. एक हात ओढलं की सव्वा मीटर कापड पुढे जातं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कारण तिथे ठिपका होता. मी आणखी एकदा ओढलं, कदाचित चुकून असेल म्हणून. दुसरा ठिपका. काचेखालून उजेड येत असल्यामुळे तो फार छान दिसत होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी आधी माझ्या बोटाकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं, आणि मग जो तो आपापल्या कामाला गेला. शेठ एवढंच म्हणाले, "काले सवारे केबिनमां आवजो." म्हणजे उद्या सकाळी.

घरी गेलो. शोभाबाई साड्यांना टिकल्या लावायचं काम करते. ती टिकल्यांची थाळी बाजूला सारून माझ्यासमोर बसली आणि बोट हातात घेतलं. बोटाच्या मधोमध चाळणी झाली होती.

"जे बोटवर पोट चालस, तेच बोटले टोचतस?" ती म्हणाली. "आनि तेबी मधमा? माले रोज सुई लागस. मधमा लागनी ते दिवसभर ठणकस, बाजूले लागनी ते कळसबी नही. तुम्ही माले एक डाव इचारं का?"

नव्हतं विचारलं. पंचवीस वर्षं सुया टोचून घेणारी बाई घरात असताना मी सल्ला घेतला हिलालआप्पांचा. तेवढ्यात आमची वर्षा कतारगामहून ऑफिसमधून आली. तिनं डब्यातला कागद काढला, एका बाजूनं गुजराती होतं ते वाचलं आणि पेन उचलून बघितलं.

"पप्पा, तुम्ही हे पाचवर ठेवलंय?"

"पाच बारीक असतं."

"पाच सगळ्यात खोल असतं! जाड कातडीवाल्यांसाठी. आणि ही सुई कधीची आहे?"

मी तारीख सांगितल्यावर ती खाली बसली. मग दोघींनी मिळून माझी शाळा घेतली. सुई दर वेळी नवी. बर्फ नाही, उलट कोमट पाण्यानं हात धुवायचे आणि नीट पुसायचे. अर्धा मिनिट हात खाली सोडून ठेवायचा, म्हणजे रक्त आपणहून टोकाला येतं. चकती दोनवर. बोटाच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही, आणि रोज वेगळं बोट. पिळायचं नाही.

सकाळी मी तसं केलं. डाव्या हाताची अनामिका, कडेला, दोन नंबर. खटका वाजला. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो.

"उघडा डोया. व्हई गयं," शोभाबाई म्हणाली. थेंब आला होता, टपोरा, पट्टीपुरता. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या दिवसांचं दुखणं फुकट गेल्याचं कळलं, की माणसाला आधी रागच येतो.

नऊ वाजता केबिनमध्ये गेलो. टेबलाची किल्ली आणि खडू रुमालात बांधून नेले होते. रात्रभर वाक्य जुळवलं होतं: 'शेठ, नियम माझा आहे, मी खाली बसतो.' एकतीस वर्षांनंतर खाली बसायचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं.

"बेसो, पंडितभाई," शेठ म्हणाले. "बारणुं बंध करो."

दार लावलं. शेठनी खण उघडला आणि एक खोका टेबलावर ठेवला. माझ्याकडचंच मशीन, त्याच रंगाचं. त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"दोन महिने झाले," ते खाली बघून म्हणाले. "डॉक्टर दर सोमवारी तक्ता मागतो. मी मनानं आकडे लिहून देतो. मने बीक लागे छे." भीती वाटते, असं ते म्हणाले, आणि अडीचशे माणसांचा हा धनी माझ्यासमोर लहान तोंड करून बसला. "घरमां कोईने खबर नथी. तुमचं बोट काल बघितलं आणि झोप लागली नाही. एवढं लागतं?"

"नाही लागत, शेठ," मी म्हणालो. "मी चुकीचं करत होतो."

चहाच्या किटलीत गरम पाणी होतं, ते गार पाण्यात मिसळून कोमट केलं. शेठना हात धुवायला, पुसायला लावले. हात खाली सोडायला सांगितला. नवी सुई बसवली, चकती दोनवर आणली. करंगळीशेजारचं बोट धरलं. "शेठ, मीही घाबरतो," मी म्हणालो. "अजून घाबरतो." आणि खटका दाबला.

"करो ने!" शेठ डोळे मिटून ओरडले.

"झालं, शेठ."

त्यांनी एक डोळा उघडला. थेंब बघितला. आकडा आला तीनशे अठरा. मी त्यांना एका कागदावर पहिला खरा आकडा लिहायला लावला आणि आजच्या आज डॉक्टरांना फोन करा म्हणालो. मी शेठना हुकूम करावा, असं याआधी कधी झालं नव्हतं.

"पाटी काढून टाका," शेठ जरा वेळानं म्हणाले. "टेबल तुमचं."

"पाटी राहू द्या," मी म्हणालो. "दोघांना मी खाली बसवलंय. बोट भरेपर्यंत मी बसतो."

"मग रोज सवारे इथं याल ने? आणि कोईने कहेता नहीं."

"नाही सांगणार."

त्या दिवसापासून मी घडीखात्यात बसतो. माझ्या टेबलावर गजेंद्र बसतो. रोज नऊ वाजता केबिनमधून मला बोलावणं येतं, दार बंद होतं, दहा मिनिटांनी मी बाहेर येतो. एक-दोनदा आतून शेठचं ओरडणंही बाहेर ऐकू गेलं. खात्याला काय वाटायचं ते वाटलं. मी येताना लोक माना खाली घालतात. लोणच्याच्या तेलावरून मी ज्याला खाली बसवलं होतं, त्यानं काल माझ्यासाठी आपली गादी सरकवली.

आज सहाव्या दिवशी मी बाहेर आलो, तर गजेंद्र टेबल सोडून दाराशीच उभा होता. मागे आणखी चौघं.

"मास्टर, पुरे झालं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "एका ठिपक्यासाठी रोज एवढं ऐकून घ्यायचं? आम्ही आत जाऊन शेठना विचारतो."

मी त्याचा दंड धरला. आत काय चालतं ते सांगितलं असतं तर त्याच क्षणी सगळं परत मिळालं असतं. त्याच्या तोंडात बॅटरी मारलेला मी, आणि माझ्यासाठी शेठशी भांडायला निघालेला हा. दोन्ही मला सोसवेना.

"जाऊ नका," मी म्हणालो. "शेठ बोलतात ते बरोबर बोलतात. चूक माझीच आहे."

एकतीस वर्षांत दुसऱ्याचं बरोबर असं मी त्या खात्यात पहिल्यांदा म्हणालो, आणि शेठ मला एक अक्षरही बोललेले नव्हते. गजेंद्रनं माझा हात धरला, तो सोडला नाही. आम्ही दोघं घडीखात्यापर्यंत तसेच चालत गेलो.